डावीकडची ओळ

लाकडावर सांडलेलं मेण लगेच काढलं नाही की ते घट्ट धरून बसतं. मग खरवडावं लागतं, आणि खरवडताना लाकडाची ढलपी निघाली तर त्या आसनावर बसणारीचा झगा वर्षभर तिथं अडकत राहतो. म्हणून हाइलविग हे काम कुणावर सोपवत नसे. नोव्हेंबरातला संत मार्टिनचा सण होऊन गेला होता, हीथच्या झुडपांच्या माळावर धुकं उतरायला लागलं होतं. दुपारचं जेवण आटोपल्यावर ती हाडाची सुरी आणि लोकरीचं फडकं घेऊन गायनमाडीवर चढली.

एलर्नब्रोकच्या मठात भगिनी गायच्या ते वर माडीवर, जाळीच्या आड. खाली देवळात उभ्या असलेल्या माणसांना त्या कधी दिसायच्या नाहीत, फक्त ऐकू यायच्या. माडीवर ओकच्या आसनांच्या दोन रांगा समोरासमोर होत्या, एक उजवी आणि एक डावी. स्तोत्राचा एक चरण उजवीनं म्हणायचा, पुढचा डावीनं. एक बाजू गाते तेव्हा दुसरी श्वास घेते. दीडशे वर्षं त्या माडीचा श्वास असाच चालला होता.

त्या उन्हाळ्यात मिठाच्या गाडीबरोबर लुनेबुर्गकडून गाठीचा ताप आला. भगिनी ज्या क्रमानं माडीवर बसत त्याच क्रमानं निजघरात निजत, त्यामुळे ताप डाव्या रांगेत शिरला तो त्या रांगेच्या शेवटापर्यंत गेला. डावीकडची एकही उरली नाही. उजवीकडे आधीपासून तिघीच होत्या, त्या राहिल्या: मठाची माई रिक्सा, म्हातारी एर्मगार्ड, जिला एका कानानं ऐकूच येत नसे आणि दुसऱ्यानं हवं तेवढंच येई, आणि सूर देणारी हाइलविग. शिवाय स्वयंपाकघरातली व्होबेके. पण ती कष्टकरी भगिनी, तिला गायनात जागा नव्हती.

व्होबेके भांड्यांचे ओले हात झग्याला पुसत जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"बाई, डावीकडचं कशाला पुसताय? तिकडं कोण बसतंय आता?"

"धूळ बसते."

"मग धुळीलाच गायला सांगा. तुम्ही तिघी गाता, मग गप्प बसता, मग पुन्हा गाता. खालून ऐकलं की वाटतं, कुणी बादली ओढतंय आणि मध्येच दोर सुटतोय."

हाइलविग हसली नाही, पण तिला राग आला असंही नाही. मठाची रीतच तशी होती. मेलेल्या भगिनीचं आसन तिच्या वर्षाची प्रार्थना होईपर्यंत तिचंच. त्यावर कुणी बसायचं नाही, तिचा चरण कुणी म्हणायचा नाही. म्हणून तिघी उजवीकडचा चरण म्हणत आणि डावीकडच्या चरणाएवढा वेळ गप्प राहत. तो चरण मनात म्हणत. ऊन सरलं, पानं गळली, तरी अर्धं स्तोत्र गायचं आणि अर्धं ऐकायचं हे चालूच होतं.

"आणि उद्या बिशपचे ते निरीक्षक यायचेत," व्होबेके म्हणाली. "मी हंस करणार होते. हंस कोल्ह्यानं नेला. आता सलगम आणि खारे मासे. सलगम खाऊन कुणी मठावर मेहेरबान झाल्याचं मी तरी ऐकलं नाही."

ती गेल्यावर हाइलविग डाव्या रांगेतल्या तिसऱ्या आसनापाशी आली. ते इल्सेबेचं. इल्सेबे तिची सख्खी धाकटी बहीण. दोघी लहानपणी एकाच गाडीतून या मठात आल्या होत्या, एकाच घोंगडीखाली. तिनं आसनाच्या हातावर फडकं फिरवलं आणि ते अडखळलं. तिथं मेणाचा थेंब होता. पिवळा, ताजा, नखानं दाबला तर खूण उठत होती.

डावीकडे उन्हाळ्यापासून मेणबत्ती लागली नव्हती.

व्होबेकेच मेणबत्ती घेऊन इकडून गेली असेल, असं म्हणून तिनं तो काढला, लाकूड पुसलं आणि ती खाली उतरली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिला आठवलं की व्होबेके माडीच्या दाराच्या आत कधीच पाऊल टाकत नाही.

*

त्या दिवशी संध्याप्रार्थनेला तिघी उभ्या राहिल्या. बाहेर कातरवेळ होती. जाळीतून येणारा उजेड राखेसारखा झाला होता. उजवीकडचा चरण संपला, मौन सुरू झालं. आणि त्या मौनाच्या अगदी सुरुवातीला हाइलविगला एक आवाज आला.

श्वास घेतल्याचा आवाज होता तो. एकीचा नव्हे, पुष्कळ जणींचा, एकदम घेतलेला. गायला सुरुवात करण्याआधी घेतात तसा.

मग काहीच नाही. चरण संपण्याइतका वेळ गेला. तिनं पुढचा चरण उचलला तेव्हा तिचा स्वतःचा सूर खाली गेला होता.

प्रार्थनेनंतर माई रिक्सानं तिला बोलावून घेतलं. माईच्या खोलीत दलदलीतली वाळवलेली माती जळत होती. तिचा धूर डोळ्यांना झोंबत होता.

"उद्या मी फादरना खरं ते सांगणार आहे," माई म्हणाली. "तिघी आहोत. अर्धं गातो."

"मग मठ जाईल."

"जाईल. ज्यांनी ही जमीन दिली त्यांनी दानपत्रात लिहून ठेवलंय, दोन्ही बाजूंनी गायन चालेल तोवर मठाची, थांबलं की आमची परत. त्यांचा वारस जहागीरदार झिगबांड उन्हाळ्यापासून वाट बघतोय. त्याचा माणूस येऊन कुंपणं मोजून गेला."

"आणि बागेतल्या, माई?"

बागेच्या टोकाला, मधाच्या पोळ्यांच्या मागे एकच लांब खड्डा होता. त्या दिवसांत धर्मगुरू येत नव्हता आणि गायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. डावी रांग एकही स्तोत्र न ऐकता मातीत गेली होती. त्यांच्यासाठी फक्त वर्षाची प्रार्थना उरली होती. ती म्हटली की त्यांना वाट मोकळी होईल, असा या बायकांचा विश्वास.

"आपल्याला तीन ठिकाणी पाठवतील," हाइलविग म्हणाली. "तिथल्या मठांत तिथल्या मेलेल्या. आपल्यांसाठी कोण गाणार? झिगबांड त्या खड्ड्यावर मेंढ्या चारेल. इल्सेबेवर मेंढ्या चारेल, माई."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? मी खोटं बोलू?"

हाइलविग उठली. दाराशी तिनं विचारलं, "आज मौनात तुम्हाला काही ऐकू आलं?"

माईनं जाळ काठीनं सारखा केला. "वारा होता," ती म्हणाली. "जा, नीज."

*

बिशपचे निरीक्षक फादर दीत्मार दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आले. अंगानं स्थूल, थकलेले. चिखलानं पोटऱ्यांपर्यंत माखलेले. त्या हिवाळ्यात त्यांनी कितीतरी मठांची दारं उघडून आत फक्त मांजरी पाहिल्या होत्या. व्होबेकेनं सलगम वाढलं, ते त्यांनी मुकाट्यानं खाल्लं आणि म्हणाले, "आधी संध्याप्रार्थना ऐकतो. बोलणं मग." माईनं तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं.

ते खाली देवळात बाकावर बसले. वर तिघी आपापल्या आसनांशी.

इथं एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवर उभं आहे. प्रत्येक स्तोत्राआधी एक लहान ओळ असते, ती एकटीनं म्हणायची. सूर देणारी आपल्या जागेवरून उठते, जिची पाळी असेल तिच्यासमोर जाऊन वाकते आणि तिला ती ओळ हलक्या आवाजात देते. याला मठात 'ओळ देणं' म्हणत. जिला ओळ मिळाली तिनं उठायचं, वाकायचं आणि गायचं. आजारी असली तरी, रडत असली तरी. ओळ नाकारता येत नाही. पहिली ओळ उजवीकडची, दुसरी डावीकडची, तिसरी पुन्हा उजवीकडची. आणि ज्या बाजूनं ओळ गायली तिच्यातलीच एक जण समोर जाऊन पुढची ओळ देते. डाव्या बाजूला हे काम इल्सेबेचं होतं.

उन्हाळ्यापासून डावीकडच्या ओळी कुणाला दिल्या गेल्या नव्हत्या.

पहिली ओळ हाइलविगनं स्वतः म्हटली. पहिलं स्तोत्र तसंच तुटकं-तुटकं झालं. मौनात खालून फादरच्या बाकाचा करकर आवाज आला. ते अस्वस्थ होऊन वळले असावेत. आता दुसरी ओळ. माईनं मान खाली घातली होती.

हाइलविग आपल्या आसनावरून उठली.

मधली फरशी तिनं ओलांडली. माईनं वर पाहिलं, हात किंचित उचलला, पण प्रार्थनेत बोलता येत नाही. हाइलविग तिसऱ्या आसनासमोर थांबली, रीतीप्रमाणे कमरेत वाकली आणि रिकाम्या लाकडाला तिनं ओळ दिली. हलक्या आवाजात. शेवटी, जे कधी करत नाहीत तेही तिनं केलं... नाव घेतलं.

"इल्सेबे."

मग ती वळली आणि आपल्या जागी आली. पाठ डाव्या बाजूला असताना तिला आसनाची फळी वर उचलल्याचा आवाज आला. बसलेली बाई उठते तेव्हा येतो तो.

वास आला आधी. खणलेल्या ओल्या मातीचा आणि कडू दवण्याचा. खड्ड्यात ठेवताना व्होबेकेनं त्यांच्या अंगावर दवणा टाकला होता.

आणि ओळ सुरू झाली.

एकच आवाज, तरुण, जरा घोगरा, बरेच दिवस न बोललेल्या माणसाचा असतो तसा. दुसऱ्या शब्दाला तो मोकळा झाला. ओळ संपली, उजवीनं पहिला चरण म्हटला, म्हणजे एकट्या हाइलविगनं म्हटला. मग मौनाची वेळ आली, आणि मौन झालं नाही. डावी बाजू गायली. सगळी. जाड आवाज, बारीक आवाज, नेहमी अर्धा शब्द मागे राहणारा आवाज. आसनं रिकामी होती. रिकाम्या आसनांतून भरलेली रांग गात होती आणि माडीचं लाकूड पूर्वीसारखं थरथरत होतं.

हाइलविगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भीतीचं होतं असं तिला नंतरही म्हणता आलं नाही.

दुसरं स्तोत्र संपलं. तिसरी ओळ उजवीकडची, पण ती डावीकडून यायची होती. मधल्या फरशीवर काही दिसलं नाही. फक्त मेणबत्तीची ज्योत वाकली, कुणी जवळून गेल्यावर वाकते तशी, आणि एर्मगार्डच्या आसनासमोर सरळ झाली.

एर्मगार्डनं कान पुढे केला, तोच, ज्यानं ऐकू येत नसे. मान हलवली. मग म्हातारी उठली, समोरच्या हवेला वाकून नमस्कार केला आणि तिनं ओळ म्हटली. इतकी स्वच्छ, की खाली फादर दीत्मार उभे राहिले.

*

"माझ्या कानावर भलतंच आलं होतं," जाळीपलीकडून फादर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. माणूस रडून आल्यासारखा वाटत होता. "म्हणे मठ ओस पडलाय. माई, या हिवाळ्यात मी इतकं भरलेलं गायन कुठंच ऐकलं नाही. सुरुवातीला मौन का ठेवलंत?"

माईनं हाइलविगकडे पाहिलं.

"शोकासाठी, फादर," हाइलविग म्हणाली.

"हं. बरोबर आहे. एक सांगू का, उजवी बाजू जरा कमी पडते. डावी भक्कम आहे. मी बिशपना लिहीन, चांगल्या घरच्या मुली तुमच्याकडे पाठवायला हरकत नाही. उजवी भरून निघेल."

ते गेले. जहागीरदाराची माणसं कुंपणापाशी पुन्हा दिसली नाहीत.

एर्मगार्ड त्या रात्रीपासून अंथरुणाला खिळली. व्होबेके तिला बार्लीची पेज पाजत होती.

"म्हातारे, गिळ की. तोंडात काय धरून ठेवलंयस? गाणं?"

"इल्सेबेनं ओळ छान दिली," एर्मगार्ड म्हणाली. "हळू. ही हाइलविग कानात खेकसते."

त्या आठवड्यातच तिला जमिनीवर राख पसरून तिच्यावर निजवलं, मरताना निजवतात तसं, आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजवीकडे माई आणि हाइलविग अशा दोघीच उभ्या होत्या. डावीकडून चरण आला आणि त्यात एक नवा आवाज होता. पिकलेला, थोडा दातांतून फुंकणारा.

माईनं हाइलविगचा हात घट्ट धरला. जिन्यावर येईपर्यंत सोडला नाही.

"तू बोलावलंस त्यांना."

"हो."

"नावानं?"

"हो, माई."

"मग पाठवणं तुझंच काम. मी सांगून होणार नाही. शनिवारी आठवड्याची सेवा संपते, मध्ये उभी राहा आणि सांग, तुमची सेवा पूर्ण झाली, शांतीनं जा. ज्यांची आठवड्याची पाळी संपते त्या भगिनींना सांगतेस तसं."

"मग डावी गप्प होईल. बिशपचा माणूस पुन्हा आला तर..."

"होऊ दे गप्प."

"वर्ष तरी होऊ दे, माई. वर्षाची प्रार्थना झाली की त्या आपसूक..."

"त्यांना वर्ष नकोय, पोरी," माई म्हणाली. "त्यांना पुढची ओळ द्यायला कुणीतरी हवंय. उजवीकडे आपण दोघी उरलोय. जा म्हण त्यांना. शनिवारी."

शनिवारी हाइलविग मधल्या फरशीवर उभी राहिली. तोंडात शब्द तयार होते. ते तिनं कितीतरी वर्षं दर शनिवारी म्हटले होते. समोर तिसरं आसन. माडीवर इतकी शांतता होती की मेणबत्तीची वात जळताना ऐकू येत होती. तिनं श्वास घेतला. आणि त्याच क्षणी समोरूनही श्वास घेतल्याचा आवाज आला, अगदी जवळून, आणि कुणीतरी हळूच म्हणालं, लहानपणी घोंगडीखाली म्हणायची तसं...

"ताई, थंडी आहे."

हाइलविगनं तोंड मिटलं. रीतीप्रमाणे वाकली आणि जागी परतली. माईनं डोळे झाकून घेतले.

येशूच्या जन्माचा सण यायच्या आधी माईला ओळ मिळाली.

*

फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणानंतर दोन गाड्या आल्या. आत चांगल्या घरच्या मुली, गालांवर थंडीची लाली, हातात आयांनी बांधून दिलेल्या शिदोऱ्या. आता मठाची माई हाइलविगच होती. तिनं त्यांना दारातच पाहिलं, आणि तिच्या मागे व्होबेके पुटपुटली.

"परत पाठवा, बाई."

"थंडीत? कुठं?"

"कुठंही. मी स्वयंपाकघरात असते तेव्हा ते गाणं चुलीच्या धुराड्यातून खाली येतं. मी दवणा टाकलाय त्यांच्या अंगावर, मला वास कळतो. पोरींना परत पाठवा."

"मग मठ जाईल, व्होबेके."

"जाऊ दे की. कुणासाठी राखताय?"

हाइलविगला उत्तर माहीत होतं, आणि ते आता तिला तोंडानं म्हणायचं नव्हतं. तिनं मुलींना गरम बिअरमध्ये पाव बुडवून दिला, झगे दिले, आणि दिवस कलल्यावर माडीवर नेलं.

"वर्ष पुरं झालेलं नाही," ती म्हणाली, "म्हणून सगळ्यांनी उजवीकडे बसायचं, तिथलीही दोन आसनं सोडून. जागा मोठी आहे पण पसरू नका. एकमेकींना चिकटून बसा, ऊब राहते. आज फक्त ऐकायचं, गायचं नाही. तुम्हाला अजून काही येत नाही."

मुलींनी माना डोलावल्या आणि कोंबडीच्या पिल्लांसारख्या एकमेकींना बिलगून बसल्या. सगळ्यांत लहान गिझेला हाइलविगच्या शेजारी होती. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

हाइलविगनं पहिली ओळ म्हटली. उजवीकडून ती एकटी गायली, डावीकडून सगळ्या. मुली घाबरल्या नाहीत. जाळीआडच्या अंधारात पलीकडे भगिनी बसल्या आहेत आणि नीट दिसत नाहीत, एवढंच त्यांना वाटलं असावं. दुसरी ओळ डावीकडे गेली, गायली गेली. ज्योत वाकली.

ती कुणासमोर सरळ होते हे बघायचं नाही असं हाइलविगनं ठरवलं होतं. तिनं डोळे मिटून घेतले आणि मनात पहिल्यांदा स्वतःचं नाव घेतलं. मला दे. इल्सेबे, मला दे.

शेजारी हालचाल झाली. लहानशी. आसनाची फळी वर गेली, आणि गिझेला, जिला लॅटिनचा एक शब्द येत नव्हता, ती पूर्ण ओळ स्वच्छ म्हणाली.

प्रार्थना संपल्यावर हाइलविगनं तिला खाली वाकून विचारलं, आवाज शक्य तितका साधा ठेवून, "तुला ओळ कुणी दिली, बाळ?"

"त्या भगिनीनं."

"मग ती आपल्या जागेवर परत गेली ना?"

गिझेलानं जरा विचार केला.

"नाही, माई. म्हणाली, तिकडं गार आहे."

हाइलविगनं मान वर केली. मुली अजून बसल्या होत्या, उठायची आज्ञा मिळाली नव्हती म्हणून. पण आता त्या एकमेकींना चिकटून नव्हत्या. प्रत्येक दोघींच्या मध्ये एक जागा रिकामी होती. कुणी त्यांना सरकायला सांगितलं नव्हतं, आणि कुणी सरकताना तिनं पाहिलंही नव्हतं. मुली गप्प, शहाण्यासारख्या, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. गर्दीत आपण दुसऱ्याला जागा करून देतो तशा, जराशा अंग चोरून.

समोरची डावी बाजू पूर्ण शांत होती. तिकडून श्वासही येत नव्हता.

मुलींना उठा म्हणायचं म्हणून हाइलविगनं हात उचलला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्या डाव्या बाहीचा घोळ आपण केव्हाच मांडीवर ओढून घेतला आहे. शेजारच्या कुणाच्या अंगाखाली तो येऊ नये म्हणून.